जरा पाच मिनिटं

मराठी भाषेतला सर्वांत महाग शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ताबडतोब सांगेन : 'जरा'. सोनं तोळ्यावर विकतात, केशर ग्रॅमवर विकतात. 'जरा' कशावर विकतात ते कुणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच तो फुकट नेता येतो. या दोन अक्षरांपायी माझ्या आयुष्यातले सव्वावीस महिने गेले. वाचकांना ही अतिशयोक्ती वाटेल. पण मी पेशानं हिशेबनीस. अतिशयोक्ती करायची झाली तरी ती मी बेरीज पडताळून करतो. हिशेब पुढे मांडतोच.

ऐन उमेदीची वर्षं मी जव्हारला काढली. जव्हार म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर, असं जव्हारकर सांगतात. (महाबळेश्वरकर स्वतःला कोकणाच्या डोक्यावरचं जव्हार म्हणवून घेत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) गावाला राजवाडा आहे, हनुमान पॉइंट आहे आणि पाऊस तर इतका की, छत्री उघडायची की नाव, असा प्रश्न पडावा. अशा या गावात एका पेढीच्या शाखेत मी 1975 साली चिकटलो. पेढीचं नाव सांगत नाही. सिमेंट, पत्रे, कौलं, खिळे असा माल ती विकायची. शेठ मुंबईला आणि आम्ही डोंगरावर. मधे व्यवस्थापक नावाचा एक घाट.

कामाची वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6. मधे तासभर जेवणाची सुट्टी. कागदावर सगळं चोख. संध्याकाळी सहाला पाच कमी असताना मी लेखणीला टोपण घालायचो, आणि नेमकं त्याच वेळी व्यवस्थापकांच्या टेबलावरून कागदांची चळत उठून माझ्या टेबलावर यायची. सोबत एक गोड हसू आणि ते ब्रह्मवाक्य : "अहो हिशेबनीस, जरा पाच मिनिटं!"

या पाच मिनिटांचं गणित आइन्स्टाइनला सुटलं असतं की नाही, मला शंका आहे. ही पाच मिनिटं साडेसात वाजता संपत. दिवाळीच्या हिशेबांच्या दिवसांत नऊला संपत. शनिवारी सुरू झालेली पाच मिनिटं रविवारी दुपारी संपल्याचंही मला आठवतं. त्याला "सहज येऊन जा" असं नाव होतं. घरी सौ. भाजी एकदा गरम करी, दुसऱ्यांदा गरम करी, आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे बघे. तिसऱ्या वेळी भाजीला वेगळ्या विस्तवाची गरज भासत नसे.

आता तुम्ही म्हणाल, नोकरी म्हटली की थोडं मागंपुढं व्हायचंच. मलाही तसंच वाटायचं. त्यात आमचे व्यवस्थापक बोलायला साखर. "हिशेबनीस, आपली पेढी म्हणजे एक कुटुंब आहे," असं ते महिन्यातून एकदा तरी म्हणत. वर्षभर निरीक्षण केल्यावर माझ्या ध्यानात आलं की, हे कुटुंब रोज संध्याकाळी सहाला एकत्र येतं आणि बोनसच्या वेळी विभक्त होतं. काम असलं की आम्ही घरचे. पगारवाढ मागितली की बाहेरचे. एवढं सोयीचं कुटुंब मी दुसरं पाहिलेलं नाही.

तरी मी मोजत नव्हतो. मोजायचं शिकवलं पेढीनंच. झालं असं की, 1984 सालच्या जुलैत मी नाशिकहून येत होतो. मोखाड्याच्या अलीकडे एस. टी.चं टायर बसलं. भर पावसात कंडक्टर, ड्रायव्हर आणि चार उतारूंनी मिळून ते बदललं. मी पेढीत पोचलो तेव्हा नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. व्यवस्थापकांनी घड्याळाकडे पाहिलं, मस्टर ओढलं आणि लाल शाईनं माझा अर्धा खाडा मांडला. मी म्हटलं, "साहेब, टायर..." ते म्हणाले, "अहो, नियम म्हणजे नियम. माझ्या हातात काय आहे?" त्यांच्या हातात लाल शाईचं पेन होतं, पण मी ते बोललो नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी हिशेब केला. माझा पगार महिना 624 रुपये. महिन्याचे 26 दिवस, म्हणजे रोज 24 रुपये; अर्ध्या खाड्याचे 12. बारा मिनिटांना बारा रुपये! मी सकाळी उशिरा आलो तर माझं एक मिनिट एक रुपयाचं, आणि संध्याकाळी उशिरा गेलो तर तेच मिनिट फुकट. घड्याळ तेच, भिंत तीच, खिळाही पेढीच्याच मालातला. मग सकाळचं मिनिट सोन्याचं आणि संध्याकाळचं मातीचं, हे कसं काय?

दुसऱ्या दिवसापासून मी एक छोटी वही केली. सहानंतर जितका वेळ थांबलो तितका त्यात लिहायला लागलो. महिनाअखेर बेरीज आली 39 तास. रोजचा सरासरी दीड. वर्षाचे 468. आठ तासांचा दिवस धरला तर साडेअठ्ठावन्न दिवस. नऊ वर्षांचा अंदाज काढला तर सव्वावीस महिने! सव्वावीस महिने मी बिनपगारी होतो, आणि मला वाटत होतं की मी कायम आहे.

या वहीचं मी चार मित्रांपाशी बोललो. आपला मध्यमवर्गीय माणूस अशा वेळी जी उत्तरं देतो ती ठरलेली आहेत, आणि या लेखाचं खरं भांडण त्या उत्तरांशीच आहे.

पहिलं उत्तर : "जास्त काम केलं म्हणून माणूस काय झिजतो?" झिजतो. खडू झिजतो, चप्पल झिजते, सहाण झिजते. माणूसच तेवढा न झिजणारा असता तर त्याला म्हातारपण आलंच नसतं.

दुसरं उत्तर : "आपण सुशिक्षित माणसं. तास मोजत बसणं आपल्याला शोभत नाही." हे उत्तर मला फार आवडतं. म्हणजे दिवसभर शेठच्या खिळ्यांचा हिशेब पैशापर्यंत बिनचूक ठेवायचा ते शोभतं, आणि स्वतःच्या आयुष्याचा ठेवला की हलकट!

तिसरं उत्तर : "अडीअडचणीला माणसानं उपयोगी पडावं." शंभर टक्के कबूल. एकदा भर आषाढात गोदामाचा पत्रा उडाला आणि सिमेंटच्या गोण्या भिजायला लागल्या. मी आणि आमचा शिपाई रात्री एकपर्यंत गोण्या वाहत होतो. मी हिशेबनीस, माझ्या खांद्याला त्याआधी पंचापेक्षा जड काही लागलेलं नव्हतं. त्या रात्रीचं मी एक मिनिटही मांडलेलं नाही, मांडणारही नाही. वर्षातून एकदा मागितली तर ती मदत. रोज संध्याकाळी सहाला पाच कमी असताना मागितली, तर तिला आमच्या मुलखात एक जुना शब्द आहे. तो शब्द म्हणजे वेठ.

हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे उघड्या अंगाचा, कर्जात बुडालेला आदिवासी उभा राहतो. ते बरोबरच आहे. याच डोंगरांच्या पलीकडे, डहाणू-उंबरगावच्या बाजूला, वारल्यांनी जमीनदारांची आणि जंगलच्या ठेकेदारांची जी वेठ सोसली तिच्यापुढे माझा दीड तास म्हणजे सहलच. लग्नासाठी चार पैसे उचल घेतली म्हणून नवराबायकोनं जन्मभर राबायचं, याला तिथे 'लग्नगडी' म्हणत. 1945 च्या 23 मे रोजी उंबरगाव तालुक्यात झरी इथे किसान सभेची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यात होते. हजारो वारली जमले आणि ठरलं की, यापुढे वेठ नाही. मजुरीशिवाय कुणाच्या शेतावर पाऊल टाकायचं नाही. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसं मेली. तरी लोक मागे हटले नाहीत. ही सगळी हकीगत गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. ते 1970 साली आलं आणि त्याला 1972 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या घरच्या कपाटात ते होतं. काचेच्या आत, नीट कव्हर घालून. मध्यमवर्गीय माणूस क्रांतीला नेहमी कव्हर घालून ठेवतो.

त्या पुस्तकी लढ्यातली एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबनीस डोक्यात रुतून बसली. वारल्यांची मागणी मोघम नव्हती. "आम्हाला न्याय द्या" एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये, असा त्यांचा आकडा होता. ज्यांना कुणी अक्षर शिकवलं नव्हतं त्यांनी गवत रत्तलात मोजलं. आणि मी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, माझी संध्याकाळ 'जरा'त मोजत होतो.

ऑगस्टात मी ठरवलं की, आता ही वही व्यवस्थापकांपुढे ठेवायची. कायदा वाचला. 1948 च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमात दिवसाला नऊ तासांपुढच्या कामाला दुप्पट मजुरी लिहिलेली होती. तो कायदा आमचा घाट चढून आला होता की खालीच थांबला होता, या भानगडीत मी पडलो नाही. शिवाय आमचा भिडस्तपणा असा की, दुप्पट लावायला हात धजेना. ताशी 3 रुपये, एकपट. महिन्याचे 117. एक प्रत काढायची म्हणून मी एका संध्याकाळी मुद्दाम पेढीत थांबलो. बाहेर मुसळधार पाऊस, वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात मी लिहितोय आणि दाराशी आमचा शिपाई उकिडवा बसलेला.

आठ वाजले. मी सहज म्हटलं, "अरे, तू का थांबलास? जायचं की नाही?"

तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी उठल्याबिगर कुलूप कसं लावू?"

त्याचा पाडा तासभर चालीवर होता. मधे एक ओढा. नऊ वर्षं व्यवस्थापक मला थांबवत होते आणि नऊ वर्षं मी त्याला थांबवत होतो. माझ्यावरच्या अन्यायाची प्रत काढायला मी त्याच्या दोन तासांची शाई वापरली होती! मी ओशाळून म्हटलं, "तुझाही हिशेब मांडायला पाहिजे रे."

"मांडलाय ना," तो म्हणाला, आणि कंदील उचलून मला मागच्या कोठीत घेऊन गेला.

कोठीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघाच रेघा होत्या. उशीर झाला की एक उभी रेघ. रविवारी बोलावलं की फुली. या रेघा मी आधीही पाहिल्या होत्या. एकदा शेठचे मुंबईचे पाहुणे आले होते, तेव्हा त्यांनी "वा! काय अस्सल वारली आर्ट आहे!" म्हणून त्यांचा फोटोही काढून नेला होता. आणि दर दिवाळीला भिंत घाण झाली म्हणून चुन्याचा हात मारायला सांगणारा मीच होतो.

"दर साली पुसतात, दर साली मी मारतो," तो म्हणाला. त्याचा आजा तलासरीकडचा, झरीच्या सभेला गेलेला. तो म्हणायचा, पैसं कवा मिलतील ते मिलतील, पन आपुन मोजून ठेवायचं. "आपुन नाय मोजलं त कोन मोजल, भाऊसाहेब?"

त्या रात्री मी वहीत दुसरं पान उघडलं. त्याचा पगार महिना 260. ताशी सव्वा रुपया. तो सकाळी माझ्या आधी अर्धा तास येऊन झाडलोट करी, पाणी भरी. संध्याकाळी माझ्यानंतर अर्धा तास आवराआवर करी. म्हणजे रोजचे अडीच तास, महिन्याचे 65. रुपये 81 आणि पैसे 25. माझ्यापेक्षा त्याचे तास जास्त निघाले, आणि आम्ही मात्र समजत होतो की सोसणारे तेवढे आपणच.

दोन्ही हिशेब मी व्यवस्थापकांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्म्यातून आकडे बदलले नाहीत तेव्हा ते म्हणाले, "हिशेबनीस, तुम्ही? तुम्ही तर घरचे!"

मी म्हटलं, "साहेब, घरच्या माणसाचा टायर फुटला म्हणून कुणी खाडा धरत नाही."

नऊ वर्षांत हे एक वाक्य मी वेळेवर बोललो. बाकीची सगळी मला घरी पोचल्यावर सुचली आहेत.

प्रकरण मुंबईला शेठकडे गेलं. महिन्यानं उत्तर आलं, टंकलिखित, दोन ओळींचं. शेठ वकिलाला विचारून लिहिणारे. त्यांनी कायद्याच्या चिमट्यातून अंग काढून घेतलं होतं. "पेढीची वेळ संध्याकाळी सहापर्यंतच आहे. त्यापुढे थांबणे सर्वस्वी ऐच्छिक समजावे." पैसा एक नाही. व्यवस्थापकांनी ते पत्र विजयी मुद्रेनं माझ्या हातात दिलं. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या डोक्यात उजेड पडला. ऐच्छिक! मग माझी इच्छा नाही!

त्या संध्याकाळी सहाला मी टोपण घातलं, शिपायाला म्हटलं, "कुलूप आण," आणि आम्ही दोघं उजेडी बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. व्यवस्थापक आठवडाभर एकटेच ती पाच मिनिटं पुरी करत बसले. आणि मग चमत्कार झाला : जे कागद संध्याकाळी साडेपाचनंतर माझ्या टेबलावर येत, ते सकाळी साडेदहाला यायला लागले. काम तेवढंच, माणसं तीच, आणि सहापर्यंत सगळं आटपायला लागलं. तेव्हा मला कळलं की, नऊ वर्षं मी पेढीचं जादा काम करत नव्हतोच. मी व्यवस्थापकांचा आळस उपसत होतो. फुकट मिळणाऱ्या वेळाचा हिशेब कोण ठेवतो? ज्या दिवशी त्याला किंमत पडते, त्या दिवशी मालकालाही तो पुरवून वापरता येतो.

फुकटात काही मिळालं नाही हेही सांगतो. त्या वर्षीची माझी 15 रुपयांची पगारवाढ अडकली. "वृत्ती सहकार्याची नाही" असा शेरा पडला. शिपायाला काय मिळालं? ओढा उजेडी ओलांडायला मिळाला. त्याच्या मते एवढं पुष्कळ होतं. माझ्या मते त्याचे 81 रुपये 25 पैसे अजून येणं आहेत. त्या दिवाळीला कोठीच्या भिंतीवर चुना मारायचा नाही असं मी सांगितलं. व्यवस्थापकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "जुनी वही आहे, साहेब. रद्दीत काढता येत नाही."

आता मी निवृत्त आहे. ठाण्याचा पालघर जिल्हा वेगळा होऊन 2014 पासून जव्हार तिकडे गेलं. माझा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्या पेढीला शटर नाही, म्हणून सहाही वाजत नाहीत. रात्री अकराला त्याच्या खिशात 'टिंग' वाजतं आणि कुणीतरी लिहितं, "जरा पाच मिनिटं बोलू या?" शब्द तोच, फक्त आता तो रातपाळीतही येतो. पुतण्या म्हणतो, "काका, आमच्यात तास मोजत नाहीत." मी म्हणतो, बाबा रे, मोजत नव्हते म्हणूनच गिरणीत रविवारही नव्हता. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, रविवारची सुट्टी मागितली, आणि ती मिळायला 10 जून 1890 उजाडला. तू ज्या रविवारी बारापर्यंत लोळतोस तो कुणीतरी मोजून, मागून आणलेला आहे. 2025 च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं खाजगी आस्थापनांतली रोजची नऊ तासांची मर्यादा दहावर न्यायला मान्यता दिली, तेव्हा मी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "दहा? म्हणजे आमचे कमी होणार का?" यावर मी काय बोलणार! मी त्याला एक छोटी वही पाठवून दिली. कोळसाही पाठवणार होतो, पण त्यांच्या भिंती काचेच्या आहेत.

हे सगळं मी ताठ मानेनं लिहीत होतो. सौ. मागे येऊन उभी राहिली आणि सगळं वाचलं. मग म्हणाली, "छान. त्या वहीत माझं पान कुठाय?"

मी लेखणीला टोपण घातलं. पन्नास वर्षं, रोज पहाटे साडेपाच ते रात्री दहा, रविवार नाही, दिवाळीत जास्त. गुणाकार करायला गेलो तर माझा हात थांबला; एवढी बाकी नावावर असताना माणसानं मान ताठ ठेवू नये.

"अहो," ती आतून म्हणाली, "जरा पाच मिनिटं येता का? एवढ्या शेंगा मोडून द्या."

निघालो. तुमच्याशी बोलण्यात इथेच सहा वाजून गेलेत.